तिच्या नावाची आंघोळ

शेषम्मा वन्सं घरात शिरल्या की नळाचं पाणीसुद्धा सावरून वाहतं, असं कामाक्षी नेहमी म्हणायची. मनातच म्हणायची. तोंडानं म्हणायची छाती तिला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही झाली नव्हती.

तर वन्सं आल्या. कुंभकोणमहून तंजावुरात टॅक्सीनं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वतःचा पितळी तांब्या, कारण दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी त्यांना चालत नसे. उद्या त्यांच्या धाकट्या भावाचं, सेतुरामांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. इकडे सगळे त्याला शताभिषेकम म्हणतात. ऐंशी वर्षं पुरी केलेल्या माणसाला बायकोसह बसवून सगळं गोत कलशांनी न्हाऊ घालतं. वन्सं चौऱ्याऐंशीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण नजर मात्र थेट मागच्या दारापर्यंत पोचली.

"कामाक्षी, परसात ती कोण गं?"

"नर्स, वन्सं. ह्यांना आंघोळ घालायला येते."

"कुणाची? कुठल्या घरची?"

"विचारलं नाही."

"विचारावं माणसानं!" असं म्हणून वन्संनी परसाकडे तोंड करून तमिळमध्ये ठणकावून सांगितलं की बाई, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, आमची मडी असते. मडी म्हणजे आपलं सोवळंच, पण वन्संच्या तोंडी ते दुप्पट कडक व्हायचं.

"सरी, अम्मा," मास्कमागून नर्स म्हणाली आणि गरम पाण्याची बादली उचलून सेतुरामांच्या खोलीकडे गेली.

कामाक्षीनं धुण्याच्या दगडाकडे पाहिलं. तिथं तिनं सकाळी ठेवलेला कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला तसाच होता, वर साय धरलेली. स्वतःच्या पोटच्या मुलीला मोलकरणीसारखी बाहेर कापी ठेवतो आपण, असं तिच्या मनात आलं. ती तिथून पटकन हलली, कारण वन्संना सांबाराला चिंच किती ते विचारायचं होतं.

हो, मुलीलाच. हरिप्रिया तिचं नाव. अकरा वर्षांपूर्वी ती चोवीसची होती, नर्सिंग संपवून मोठ्या इस्पितळात नोकरीला लागलेली, लग्न ठरलेलं, साड्याही घेऊन झालेल्या. एका संध्याकाळी ती घरी आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, अप्पा, मी बाप्तिस्मा घेतला, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच सांगायला आले. वॉर्डात एक म्हातारी सिस्टर होती, तिथल्या सडलेल्या जखमा ती हसतमुखानं धुवायची. हिनं विचारलं, तुम्हाला किळस कशी येत नाही? त्या म्हातारीनं जे उत्तर दिलं त्याच्या मागे ही पोरगी दोन वर्षं गेली आणि परत म्हणून आली नाही.

सेतुराम गणिताचे हेडमास्तर. आरडाओरडा त्यांच्या रक्तात नव्हता. त्यांनी खांद्यावर पंचा टाकला, तिरुवैयारूची बस पकडली आणि कावेरीत उतरून मुलीच्या नावानं आंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात ती. ओल्या धोतरानंच घरी आले. शेषम्मा वन्सं तेव्हा त्यांच्याबरोबर घाटावर होत्या. लग्न मोडलं, साड्या सूनबाई विनुताच्या कपाटात गेल्या आणि हरिप्रिया एक पिशवी घेऊन ओरत्तनाडूला गेली. तिथं तिच्या छोट्याशा चर्चनं बेवारस म्हाताऱ्यांसाठी घर चालवलं होतं, तिथंच ती राहिली.

आता गोतावळ्याला काय सांगायचं? कामाक्षीनं सांगितलं, ऑस्ट्रेलियाला गेली. वन्संना बाप्तिस्म्याचं ठाऊक होतं, पण पोरगी गेली कुठं, तर त्यांनाही तेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग निभवावं लागलं. बाई रोज फोनवर मेलबर्नचं हवामान बघायला लागली! लग्नाकार्यात कुणी विचारलं की ही आपली तयार, "तिकडे आता कडाक्याची थंडी हो, बिचारी स्वेटरवर स्वेटर घालते." आणि बिचारी वीस-बावीस किलोमीटरवर घामानं निथळत म्हाताऱ्यांच्या चादरी धूत असायची.

गेल्या वर्षी सेतुरामांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एजन्सीच्या तीन नर्सा आल्या आणि पळाल्या, कारण हेडमास्तरांचा डावा पाय शाबूत होता आणि ते तो वापरत. चौथ्या दिवशी पहाटे मागचं दार वाजलं. दारात प्रिया.

"लोकांना काय सांगू गं?" हे कामाक्षीचं पहिलं वाक्य. दहा वर्षांनी लेकीला पाहून! ते आठवलं की तिला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

"नर्स आली म्हणून सांग. खोटं नाही ते," प्रिया म्हणाली. "मास्क लावते, मागच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते. एकच गोष्ट, अम्मा. मला कुणी विचारलं, तू कुणाची, तर मी खरं सांगेन."

कुणी विचारलं नाही. नर्सच्या तोंडाकडे बघतं कोण? मेडिकल कॉलेज रोडवरच्या या नव्या घरी शेजारीही सगळे नवे. रोज साडेपाचची बस, सातच्या आत आंघोळ, मग परत ओरत्तनाडूला ड्यूटी; आज तेवढी तिनं रजा काढली होती, म्हणून आंघोळही उशिरा. पहिले तीन महिने सेतुरामांनी आंघोळीच्या वेळी डोळे घट्ट मिटून घेतले. ओळखलं होतं त्यांनी. पाय मात्र उगारला नाही.

वन्सं वामकुक्षीला गेल्या तशी घरातली चार माणसं मागच्या खोलीत जमली. मुलगा हरिप्रसाद विनुताला घेऊन चेन्नईहून सकाळीच आला होता. त्यानं दार लोटलं आणि बहिणीला म्हणाला,

"प्रिया, बस. माझ्या डोक्यात एक आहे. उद्या तू मुलगी म्हणून ये."

प्रियानं मास्क खाली केला. पस्तिशीतच कानशिलावर पांढरे केस आले होते.

"म्हणजे कशी, अण्णा?"

"आज रात्रीच्या विमानानं आलीस म्हणू. विनुताची रेशमी पट्टूसाडी नेस, कुंकू लाव, गळ्यातलं ते काढून ठेव. होमाला नमस्कार कर, अप्पांवर कलश घाल. अत्यांनी विचारलं तर म्हणायचं, ते सगळं सोडलं, पोरवय होतं. संपलं! सगळे तुला डोक्यावर घेतील. घर परत मिळेल तुला, अक्कामहादेवी."

"अण्णा, त्या संतबाईचं नाव घेऊन चिडवू नकोस."

"चिडवत नाही गं. एका दिवसाचा प्रश्न आहे. एका दिवसानं तुझा देव रागावणार आहे का?"

प्रिया हसली. मग तिनं गळ्यातला लाकडी क्रूस बोटांत धरला. ओरत्तनाडूच्या कुठल्याशा म्हाताऱ्यानं तासून दिलेला, दोऱ्यात ओवलेला.

"रागावणार नाही तो. पण अण्णा, मी घर सोडलं तेव्हा या तंजावुरात माझं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हाही त्यानं मला आपली म्हटलं. त्याला मी उद्या चार लोकांसाठी लपवू? एका दिवसासाठीसुद्धा नाही जमायचं मला."

"आणि आम्ही?" कामाक्षीला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "आम्ही तुझे कोणी नाही? अकरा वर्षं मी कशी काढली, तुला काय ठाऊक? एक टिकली, प्रिया. कपाळावर एक टिकली लावायला सांगतोय तुला."

"अम्मा, तू मला दगडावर कापी ठेवतेस, मी कधी काही बोलले?"

"नाही बोललीस. तेच तर मेलं खातं मला!"

"तू जिथं ठेवशील तिथं मी पिईन. नर्स म्हण, मोलकरीण म्हण, उद्या पाठीमागे उभी कर, चालेल. फक्त सोडलं म्हणायला लावू नकोस. मी नाही सोडलं."

हरिप्रसादनं हात झटकले. "बघितलंस, अम्मा? हट्ट! हिला अप्पांपेक्षा तो मोठा."

"हट्ट असता तर वर्षभर पहाटेच्या बसनं कुणी आलं नसतं," विनुता म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. ही सून एरवी सासरच्या भांडणात तोंड उघडत नसे. "रागावू नका. पण अप्पांना आपण दोघांनी मिळून एकदा तरी आंघोळ घातली का? ती म्हणते तो मोठा आहे, आणि त्याच्यामुळेच ती अप्पांचं करते. मला तर यात अप्पांचं काही कमी झालेलं दिसत नाही."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" हरिप्रसाद गुरगुरला.

"आज तिच्या," विनुता म्हणाली आणि पदर खोचून भाजी चिरायला निघून गेली.

कामाक्षीला खरं तर सुनेचं पटलं होतं. पण भीती मोठी वाईट. ती माणसाच्या तोंडून भलतंच वदवते. "मग उद्या येऊच नकोस," ती म्हणाली. "माझ्यानं नाही बघवायचं, सगळे कलश घालताहेत आणि तू परकी उभी."

प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, नुसता मास्क वर चढवला.

"पहाटे आंघोळ घालून जाते मग. होमापर्यंत अप्पांना तसंच ठेवणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कामाक्षी नऊवारी नेसून न्हाणीघराच्या दाराशी येऊन थांबली. आतून आवाज येत होते. प्रिया कोपर बुडवून पाणी पाहत होती, मग मग्ग्यानं थोडं थोडं ओतत होती आणि रोजचा पाठ चालला होता. बाप एके काळी पाढे घ्यायचा, आता लेक नावं घेत होती.

"म्हणा अप्पा, कामाक्षी."

"का… मा."

"शाब्बास. हरी."

"ह… री."

"शेषम्मा. अवघड आहे, पण आज त्या बाहेरच बसल्यात, चुकलं तर छडी मिळेल."

घशातून घरघर आली. सेतुराम हसत होते! कामाक्षी दाराला टेकली. ही यादी तिला पाठ झाली होती. त्यात सून होती, जावई म्हणून एकदा ठरलेला मुलगा होता, अगदी समोरच्या गल्लीतला इस्त्रीवालाही होता. एकच नाव नव्हतं. एकदा तिनं विचारलं होतं, तुझं का नाही शिकवत? प्रिया म्हणाली होती, ते मी शिकवून काय उपयोग, अम्मा, ते अप्पांनी आपणहून म्हणायचं.

पाणी ओतता ओतता प्रिया पुटपुटायला लागली. तिची प्रार्थना होती. कामाक्षीनं ती आज पहिल्यांदा नीट ऐकली, आणि चमकली. प्रार्थना मराठीत होती. आपल्या तंजावरी मराठीत, अम्मा-अप्पा ज्या वळणानं बोलतात त्याच वळणाची. प्रभू, या हाताला बळ दे, यांना उद्याचा दिवस दाखव, माझ्या अम्मेची भीती काढ. ओरत्तनाडूत त्या म्हाताऱ्यांत मराठी बोलणारं कोण? अकरा वर्षं या पोरीला आपल्या भाषेत बोलायला हा प्रभू एवढा एकच जण होता.

आत जाऊन लेकीला पोटाशी धरावं असं कामाक्षीला वाटलं. तेवढ्यात हॉलमधून वन्संनी हाक मारली आणि ती गेली. सवय वाईट.

प्रिया जाणार होती, पण जाता आलं नाही. सेतुरामांना पाटावर बसवेना. अंगणात खुर्ची मांडली, तर तोल उजवीकडे जायला लागला. भरद्वाज वाध्यारांनी, म्हणजे पौरोहित्याला आलेल्या भटजींनी, आवाज दिला, "मागून कुणीतरी सवयीचं माणूस धरा हो, कलश घालताना घसरतील." सवयीचं माणूस एकच होतं. मास्क, पांढरा कोट, अशी प्रिया खुर्चीमागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही पंजांनी वडिलांचे खांदे धरले. शेजारच्या खुर्चीत कामाक्षी.

दोघांच्या डोक्यावर चाळण धरली. मंत्र सुरू झाले, नादस्वरम वाजायला लागलं आणि कलशांमागून कलश रिते व्हायला लागले. हरिप्रसाद, विनुता, पुतणे, भाचे, चुलत, मावस. पाणी चाळणीतून सेतुरामांच्या टकलावर आणि तिथून खांद्यावरच्या दोन हातांवर पडत होतं. कोपरापर्यंत भिजली पोरगी. हात काढला नाही.

"मुलीचा कलश?" वाध्यारांनी विचारलं. "मुलगी कुठंय?"

"ऑस्ट्रेलियाला," चार आवाज एकदम आले. कुणीतरी कौतुकानं जोडलंही, "तिकडे आता थंडी असेल."

त्याच वेळी शेषम्मा वन्संचं लक्ष त्या हातांकडे गेलं. काठी टेकत त्या पुढे आल्या. "मंत्राचं पाणी हिच्या अंगावर पडतंय! बाजूला हो गं. आणि तो मास्क काढ आधी. तू आहेस कुणाची? कुठल्या घरची?"

विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिलाच विचारलं.

वाजंत्री थांबली नव्हती, पण कामाक्षीला काही ऐकू येईना. तिनं मान वर करून पाहिलं. प्रियाचा एक हात वडिलांच्या खांद्यावर होता, दुसऱ्यानं तिनं मास्क ओढून काढला होता. ती उत्तर देणार होतीच. पण ती आधी आईकडे बघत होती. त्या नजरेत तक्रार नव्हती. परवानगीही मागत नव्हती ती. आईला येतेस का म्हणून विचारत होती, बस्स.

ओल्या नऊवारीतून पाणी ठिबकत कामाक्षी उभी राहिली.

"माझी," ती म्हणाली. मग मोठ्यानं, नादस्वरमवाल्यानं दचकून सूर सोडावा इतक्या मोठ्यानं, "माझी आहे ती, वन्सं! ह्याच घरची. हरिप्रिया. ऑस्ट्रेलियाला कधी गेलीच नाही. अकरा वर्षं मी धादांत खोटं बोलले. ओरत्तनाडूला असते, येशूची आहे, आणि वर्षभर तुमच्या भावाला हीच न्हाऊ घालते. तुमच्यातल्या कुणी एक दिवस येऊन घातलं असेल तर पुढे या!"

कुणी पुढे आलं नाही. दोन चुलतभाऊ मात्र मागच्या मागे चपला शोधायला लागले. वन्संचा चेहरा पांढरा पडला होता.

"सेतू," त्या भावाकडे वळल्या. "हिच्या नावानं तू आंघोळ केलीस. मी होते घाटावर. मेलेल्या माणसाच्या हातचं पाणी घेतोस तू? सांग हिला जायला. मान हलव नुसती."

सेतुरामांनी मान हलवली नाही. त्यांचा डावा हात हळूहळू वर आला, खांद्यावरच्या ओल्या हातावर गेला आणि तिथं घट्ट बसला. ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"प्रि…" हेडमास्तर म्हणाले. थांबले. पुन्हा सुरुवात केली, गणित चुकलं की पुसून पुन्हा मांडायचे तसं. "प्रि… या."

हे नाव त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"प्रिया. पा… णी. घाल."

प्रियानं कपाळ वडिलांच्या डोक्यावर टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. अकरा वर्षांत आईच्या समोर ती प्रथमच अशी मोकळी रडत होती. हरिप्रसादनं चाळण विनुताच्या हातात दिली, शेवटचा भरलेला कलश उचलून बहिणीपुढे धरला. त्याचेही डोळे गळत होते.

"अण्णा, हा नको," ती सावरून म्हणाली. "मंत्राचा आहे, तुमचा आहे, मी त्याचा मान ठेवते. पण माझ्यानं तो खोटा व्हायचा. मी रोजचंच पाणी घालते. चालेल, अप्पा?"

"चा… ल," अप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वाध्यारांकडे पाहिलं. भरद्वाज वाध्यारांनी उपरण्यानं चष्मा पुसला. "माझे मंत्र झाले आहेत. आता लेकीनं बापाला न्हाऊ घातलं तर मी कोण नको म्हणणार? आणा पाणी, मुहूर्त बाकी आहे."

आणलं कुणी? कामाक्षीनं. वाकलेल्या कमरेनं तिनं न्हाणीघरातली बादली उचलली, निळा प्लास्टिकचा मग्गा घेतला, त्याची कड वर्षभराच्या वापरानं चिरली होती, आणि ते सगळं चांदीच्या कलशांच्या ओळीत नेऊन ठेवलं. प्रियानं कोपर बुडवून पाहिलं. मग वडिलांच्या डोक्यावर पाणी ओतलं, थोडं थोडं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर तळवा धरून. ओतताना ती पुटपुटत होती, रोजचंच, मराठीतून. आज ते अख्ख्या अंगणानं ऐकलं. सेतुरामांनी डोळे मिटले नाहीत. ते टक्क उघडे ठेवून वर लेकीकडे बघत राहिले.

पाहुण्यांतली सात-आठ माणसं न जेवता गेली. गेली तर गेली. पंगत बसली तेव्हा कामाक्षीनं केळीचं एक पान जास्तीचं मांडलं, सेतुरामांच्या खुर्चीशेजारी, आणि त्यावर आधी आंबटभाजी वाढली. प्रियाची आवडती.

"मी हिच्या हातचं खाणार नाही, सांगून ठेवते," पलीकडून शेषम्मा वन्सं म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.

"मी कुठं वाढतेय, अत्या," प्रिया भात कालवत म्हणाली. "मी तर जेवायला बसलेय."

विनुताला हसू आवरेना. वन्संनी ताकाची वाटी ओढली आणि कुणाकडेही न बघता पुटपुटल्या, "त्याच्या पाठीला जखमा नाहीत. वर्षभर पडून असलेल्या माणसाच्या पाठीला एक जखम नाही. मी बघितली, त्याचं ओलं अंग पुसलं तेव्हा."

संध्याकाळी प्रिया निघाली. नेहमीच्या सवयीनं परसाकडे वळली, तर मागच्या दाराला आतून कुलूप. किल्ली कामाक्षीच्या कमरेला होती.

"तिकडून नाही," कामाक्षी म्हणाली. पुढचं दार तिनं स्वतः दोन्ही फळ्या ढकलून सताड उघडलं आणि लेकीबरोबर फाटकापर्यंत आली. समोरच्या घरातल्या बाई दारापुढच्या कोलमची, रांगोळीची, रेघ सोडून बघत राहिल्या.

"कामाक्षी मामी, ही कोण? तुमची मुलगी तर ऑस्ट्रेलियाला ना? तिकडे आता थंडी म्हणालात."

"तिकडचं मला काय ठाऊक?" कामाक्षी म्हणाली. "माझी मुलगी ओरत्तनाडूला असते. रोज साडेपाचच्या बसनं येते. उद्या बघा, याच दारानं येईल."